चिपळुणातलं हे हॉटेल: जेवणाला साडेतीन तारे, मूल सुपूर्द करायला पाच

इथली मिसळ गोडसर असते, सोलकढी बहुतेक वेळा चांगली. मासे ताजे असले तर वेटर आपणहून सांगतो, नसले तर गप्प राहतो. पार्किंग नाही. नुसतं जेवायला जागा शोधत असाल तर एवढं पुरे.

पुढचं लिहितोय ते कोर्टाच्या ऑर्डरप्रमाणे मूल एकाकडून दुसऱ्याकडे न्यायचं-आणायचं असतं त्यांच्यासाठी. अशी माणसं चिपळुणात बरीच येतात, हे मला इथे बसूनच कळलं. मुंबई-पनवेलवाले एका बाजूला, रत्नागिरी-राजापूरवाले दुसऱ्या बाजूला, आणि कुंभार्ली घाट उतरून येणारे कराडकडचे तिसरे. सगळ्यांना चिपळूण मध्ये पडतं. ऑर्डरमध्ये फक्त 'चिपळूण येथे, सार्वजनिक ठिकाणी' एवढंच असतं. ते ठिकाण कुठलं, तिथे पोराला बाथरूमला नेता येतं का, गाडी दोन तास लेट झाली तर कुणी उठवतं का, हे वकीलही सांगत नाहीत आणि जज्जसाहेबही नाहीत.

मी मुलीचा मामा. लांज्यात मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. बहीण आमच्याकडेच असते, भाची तिच्यापाशी. भावोजी पनवेलला नोकरीला, त्यांचे आईवडील गुहागर तालुक्यात गावी. महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी भाची वडिलांबरोबर गुहागरला आजी-आजोबांकडे जाते, रविवारी संध्याकाळी परत येते. बहिणीला शनिवारी पतसंस्थेतून निघता येत नाही, म्हणून कागदावर 'आई किंवा मामा' असं लिहून घेतलं. म्हणजे मामाच. शनिवारची सकाळची शाळा सुटली की दप्तरासकट गाडीत घालायची आणि हातखंब्यावरून महामार्ग धरायचा. वेळ दुपारी २ ची. भावोजी मांडवी एक्स्प्रेसने आधीच येऊन बसलेले असतात. तेव्हा दोन्ही बाजूंची माणसं भुकेली असतात, हे लक्षात ठेवा. या कामातली अर्धी भांडणं पोटातल्या भुकेची असतात असं माझं मत आहे.

आधी आम्ही काय काय करून पाहिलं ते सांगतो, म्हणजे या जागेचं मोल कळेल. पहिल्या ऑर्डरमध्ये एका कोर्टाचं आवार होतं. मुंबईला वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात मुलांसाठी वेगळी जागा आहे. आपल्याकडे ते कुठून येणार? कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ चा. दहा लाखांवर वस्ती असलेल्या शहरासाठी असं न्यायालय काढणं सरकारवर बंधनकारक आहे. रत्नागिरी आणि चिपळूण दोन्ही एकत्र केली तरी तो आकडा लांबच. त्यामुळे आमचं प्रकरण दिवाणी न्यायालयात, वरिष्ठ स्तरापुढे, जमिनीच्या वाटपाच्या दाव्यांच्या रांगेत. आणि मुलीची भेट त्या आवारात आंब्याच्या झाडाखाली. शेजारून बेडी घातलेला आरोपी जातोय, दोन वकील मोठमोठ्याने तारखेवरून बोलतायत, आणि आपण पोरीला सांगायचं, जा, पप्पांना भेट. ती माझा शर्ट सोडेना.

मग रेल्वे स्टेशन. ऐकायला सोयीचं वाटतं. पण वालोप्याला, म्हणजे चिपळूण स्टेशनात, गाडी थांबते ती मोजकी मिनिटं, चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची झुंबड, त्यात भावोजींनी दारात उभं राहून हात पुढे करायचा आणि मी पोर वर द्यायची. पार्सल द्यावं तसं झालं ते. तेव्हाच ठरवलं, हे पुन्हा नाही.

हिंदू विवाह कायद्याचं कलम २६ आहे, त्याखाली मुलांबाबतची ऑर्डर पुढेही अर्ज करून बदलून मागता येते, अगदी निकाल लागल्यावरसुद्धा. हे आम्हाला आधी माहीत नव्हतं, वाटायचं एकदा लिहिलं की दगडावर कोरलं. दोन्ही वकिलांनी मिळून पुरशिस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, दिली आणि 'कोर्टाच्या आवारात' हे शब्द जाऊन तिथे 'चिपळूण येथे' आलं. हॉटेल मी शोधलं. त्याचं श्रेय मी कुणाला देणार नाही.

जागा बाजारपेठेच्या बाजूला, एसटी स्टँडपासून चालत जाण्याएवढी. गुहागरची गाडी पकडायला सोपं. स्टेशनवरून मात्र रिक्षाच करावी लागते. हॉटेलला दारं दोन आहेत, एक रस्त्यावर आणि एक मागच्या बोळात उघडतं. हे दुसरं दार म्हणजे या जागेचा मोठा गुण. बहीण क्वचित स्वतः येते तेव्हा ती पुढच्या दाराजवळच्या टेबलावर बसते, भावोजी मागे बेसिनजवळ, आणि मधली सात-आठ टेबलं भाची एकटी चालत जाते. कुणी कुणाच्या तोंडासमोर यायचं नाही, आणि तरी दोघांनाही मूल शेवटपर्यंत दिसतं. कोर्टात मध्यस्थी केंद्रात आम्ही इतक्या बैठकांना बसलो, तिथे कुणाच्या डोक्यात हे आलं नाही. दोन दारं असलेली जागा बघा, एवढं त्यांनी छापील कागदावर लिहून ठेवायला हरकत नाही.

दुसरा गुण भिंतीवर आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठी नदी बाजारपेठेत शिरली तेव्हा इथे पाणी माझ्या डोक्यावरून गेलं असतं एवढं चढलं होतं. नंतर सगळं हॉटेल धुऊन रंगवलं, पण मालकांनी निळ्या ऑइलपेंटने रेघ मारून तारीख लिहून ठेवली. भाची आत आली की आधी त्या रेघेखाली जाऊन उभी राहते. मालक गल्ल्यावरून उठतात, डोक्यावर मेनूकार्ड आडवं धरतात आणि पेन्सिलीने खूण करतात. पंधरा दिवसांत पोर काय वाढणार, पण तो कार्यक्रम झाल्याशिवाय पुढे काही नाही. तिथे बाकीच्याही पोरांच्या खुणा आहेत. मला म्हणायचंय ते हेच की, ताबा बदलायच्या त्या दहा मिनिटांत पोराला स्वतःचं काही काम हवं आणि मोठ्यांच्या तोंडात काही खाणं हवं. घास चावताना टोमणा मारता येत नाही. ज्या जागी या दोन गोष्टी होतात ती जागा चांगली, मग ती हॉटेल असो नाहीतर रसवंतीगृह.

मालक. वय साठीपुढचं, अंगात बनियनवर उघडा शर्ट, कानाला पेन. पहिल्या वेळी आम्ही आलो तेव्हा त्यांना सगळं एका नजरेत कळलं असणार. दोन टेबलांवर एकमेकांकडे न बघणारी दोन माणसं, मध्ये एक मूल आणि एक पिशवी. पण त्यांनी विचारलं एवढंच, "काय गो बाय, घावणे खाणार की आंबोळी?" तेव्हापासून आजपर्यंत तेवढंच विचारतात. एकदा नवीन वेटर पोरीला म्हणाला, "मम्मी नाय आली आज?" मालकांनी त्याला तिथल्या तिथे आत कांदा चिरायला पाठवला. मला वाटतं या धंद्यात गिऱ्हाइकाला ओळख दाखवणं सोपं असतं, न दाखवणं कठीण.

आता कामाच्या गोष्टी.

बिलावर तारीख आणि वेळ छापून येते. वकिलांनी आम्हाला पहिल्यापासून बजावलंय, ठरल्या वेळी हजर होतो याचा कागद ठेवा, उद्या कुणी म्हणालं मूल आणलंच नाही तर कामाला येतो. म्हणून पोहोचल्या पोहोचल्या मी एक चहा सांगतो आणि त्याचं बिल लगेच मागतो. पण हा कागद थर्मल असतो. उन्हात डॅशबोर्डवर राहिला तर काळा पडतो, पाकिटात राहिला तर अक्षरं उडतात. मोबाईलवर फोटो काढून ठेवा. हे मी माझ्या दुकानातल्या मशीनवरून सांगतोय.

गल्ल्यावर कॅमेरा आहे. एका पार्टीने (आम्ही नव्हे) फुटेज मागितलं होतं, समोरचा उशिरा आला हे दाखवायला. मालकांनी दिलं नाही. कोर्टाचा कागद आणा, मग देतो, म्हणाले. दुसऱ्या बाजूनेही मागितलं, त्यांनाही हेच उत्तर. माझ्या दृष्टीने हा पाचवा तारा. आणि मोबाईलवर शूटिंग करत बसणाऱ्यांनाही ते थांबवतात. मी बघितलंय, एक आजीबाई नातवाच्या तोंडापुढे मोबाईल धरून विचारत होत्या, सांग, तुला जायचंय का, सांग. पोरगा कोल्ड्रिंकच्या फ्रिजमागे जाऊन बसला. मालक म्हणाले, "आज्ये, तो आत ठेव. इथं शूटिंग नाय." अशा पुराव्याचं कोर्टात काय होतं ते वकिलांना विचारा, पण त्या पोराचं काय होतं ते मी त्या फ्रिजमागे बघितलं.

उशीर. कोकणात याचा विचार न करता वेळ लिहून देणारे वकील बहुतेक कधी जुलैत इकडे आले नसावेत. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच बदलतं, गाड्यांचा वेग कमी करतात, त्यात दरड आली की मग बोलायलाच नको. आमच्या पहिल्या ऑर्डरमध्ये बारा महिने एकच वेळ होती. भावोजी उशिरा आले की बहिणीचे वकील म्हणायचे अर्ज करू, आणि महामार्गावर मी अडकलो की त्यांचे वकील म्हणायचे अवमान लावू. आता संमतीच्या अटींत लिहिलंय: पावसाळी वेळापत्रक असेल तोवर वेळ ३ ची, एक तास वाट बघायची, उशीर होतोय हे कळताच मेसेज टाकायचा, आणि भेट बुडालीच तर पुढच्या शनिवारी भरून द्यायची. तुमच्या ऑर्डरमध्ये नसेल तर घालून घ्या. हॉटेलबद्दल सांगायचं तर, एक तास सोडा, आम्ही एकदा दुपारचं गिऱ्हाईक संपून फरशी पुसेपर्यंत बसलो होतो, कुणी बिल आणून ठेवलं नाही. हे करणारी हॉटेलं महामार्गावर फार नाहीत.

त्या दिवशी गाडी खेडच्या अलीकडेच खोळंबली आणि भावोजी येऊच शकले नाहीत. भाचीने टेबलावर मोबाईल पाण्याच्या जगला टेकवून त्यांच्याशी व्हिडिओ कॉल केला, समोर घावण्यांची ताटली. रोजचा कॉलही आमच्या अटींत आहे. यशिता साहू विरुद्ध राजस्थान सरकार या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की ज्याच्याकडे मुलाचा ताबा नाही त्या पालकाला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं बोलता आलं पाहिजे, आणि व्हिडिओ कॉल असेल तर उत्तमच. भावोजींच्या वकिलांनी तो निकाल पुढे केला तेव्हा बहिणीला राग आला होता. मी तिला म्हटलं, दहा मिनिटांचाच प्रश्न आहे, तेवढा वेळ तू भाजी चिर. आता तीच संध्याकाळी साडेसातला आठवण करते. इथलं वायफाय मात्र भिकार आहे, आपला डेटा वापरा.

पिशवीबद्दल. वडिलांकडे जाताना कपडे, खोकल्याचं औषध, गणिताचं पुस्तक आणि एक शंभरपानी वही. त्या वहीत बहीण लिहिते: काल ताप होता, औषध एवढं दिलं, पाढे राहिलेत. परत येताना भावोजी लिहितात: ताप नाही, समुद्रावर नेलं, पाढे केले नाहीत. एवढंच. व्हॉट्सॲपवर या गोष्टी लिहायला लागलं की तिसऱ्या मेसेजला जुनी उणीदुणी निघतात. वहीत निघत नाहीत, कारण ती पोरगी वाचते. मालक वहीसाठी गल्ल्यावरचं पेन देतात, दोरी बांधलेलं आहे, ओढू नका.

पिशवीबरोबर एकदा मोटरही आली, ते सांगायला हवं. भावोजींच्या गावच्या विहिरीवरचा पंप जळला. खाऱ्या हवेने बॉडी गंजलेली, त्यात व्होल्टेज कमी, वाइंडिंगचा कोळसा. रविवारी संध्याकाळी त्यांनी भाची माझ्याकडे दिली आणि गोणपाटात गुंडाळलेला पंप टेबलाखाली सरकवला. मी पंप नेला, भरून दिला, पुढच्या शनिवारी भाचीबरोबर परत. त्या शनिवारी आम्ही निघेपर्यंत तो गल्ल्याखाली पडून होता, मालकांनी ब्र काढला नाही. भावोजींनी विचारलं किती झाले. मी नेहमीचा दर सांगितला. सूट दिली नाही. बहिणीने ऐकून घेतलं आणि मग आठवडाभर मला 'गुहागरचे इलेक्ट्रिशियन' म्हणून हाक मारली.

गणपतीत इथे येऊ नका. अख्खी मुंबई उतरलेली असते, टेबल मिळत नाही, मालकांना पोरांची उंची मोजायला फुरसत नसते. पण आम्हाला यावं लागतं. भाची चार वर्षांची होती तेव्हा हे दोघे वेगळे झाले. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडेच असावं असं आहे, त्यामुळे ताब्यावरून फारसं भांडण झालंच नाही. भांडण झालं गणपतीवरून. दोन्ही घरी गणपती, दोन्ही घरची ती एकुलती नात, आणि दोन्हीकडच्या आज्या म्हणतात आरतीला पोर हवी. पोटगीचा आकडा एका तारखेला ठरला, गणपतीला किती तारखा गेल्या विचारू नका. शेवटी ठरलं ते असं: चतुर्थीपासून गौर येईपर्यंत एका घरी, गौरीच्या आगमनापासून विसर्जनापर्यंत दुसऱ्या घरी, आणि पुढच्या वर्षी उलट. शिमग्याचंही तसंच वर्षाआड, पालखी ज्या दिवशी घरी येते तो दिवस धरून. मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी. हे ऐकायला सरळ वाटतं, पण गौरीच्या दिवशी भर दुपारी चिपळुणात रस्ता ओलांडून बघा. त्या एका दिवसापुरती आम्ही दुसरी जागा धरली आहे, ओळखीच्या माणसाचं औषधांचं दुकान. तिथे खायला काही मिळत नाही आणि तेवढ्यातच दोघांचं बिनसतं. माझ्या भुकेच्या मताला हा पुरावा.

तक्रारी आहेत. बाथरूमची कडी आतून नीट लागत नाही, लहान मूल असेल तर बाहेर उभं राहावं लागतं. टीव्हीवर बातम्या मोठ्याने लावतात. कौटुंबिक खून-बिन चालू असेल तर रिमोट मागा, देतात. बेसिनवरचा पंखा कुरकुरतो. कपॅसिटर गेलाय, मी सांगितलंय, शंभर रुपयांचं काम आहे, अजून केलेलं नाही. पुढच्या दाराला तीन उंच पायऱ्या आणि धरायला काही नाही. आजी-आजोबा मूल घ्यायला येणार असतील तर बोळातल्या दारानेच आणा.

जेवणाचं म्हणाल तर सुरमई थाळी ठीक, भाव महामार्गावरच्या हॉटेलांपेक्षा कमी. बांगडा फ्राय चांगला. भावोजी काटे काढून भाचीच्या ताटात ठेवतात आणि ती सगळा संपवते, घरी आमच्याकडे बांगड्याला हात लावत नाही. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत मासे मागू नका. त्या दिवसांत कुळथाची पिठी आणि भात घ्या. ही त्यांची सगळ्यात चांगली गोष्ट आहे आणि मेनूकार्डावर नाही. कोकम सरबतात साखर जास्त. मिसळीचं वर सांगितलंच.

दुपारी साडेतीन ते पाच किचन बंद असतं. रविवारची परतीची वेळ ५ ची असली तर फक्त चहा, भजी आणि बिस्किटं मिळतात, घावणे नाहीत. पण आधी फोन करून ठेवलात तर आंबोळीचं पीठ ठेवतात, नंबर बिलाच्या खाली छापलेला आहे. सोमवारी बंद.